रेषेचा संसार
(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



शताब्दीच्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल प्रारंभीच कृतज्ञता व्यक्त करतो. ‘व्यंगचित्रकाराचा व्यवसाय’ हा विषय मी कळवला, तेव्हा आपल्यापैकी एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला विचारले, “सर, मराठीचे प्राध्यापक तुम्ही. संतकाव्य, कादंबरी, नाटक एवढे सारे सोडून या शुभप्रसंगी हास्यचित्रांवर बोलणार?” त्यांच्या विचारण्यात विनोद होता, तशी थोडी काळजीही होती. तिचे निरसन करावे म्हणून हा विषय मला कसा सुचला, तेच आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी पेडणे तालुक्यातील एका शाळेत मुलांशी वाचनाविषयी बोलण्याचा योग आला. पुस्तकांविषयी बोलून बोलून मुले कंटाळली, हे माझ्या ध्यानात आले. मग सोबत नेलेल्या जुन्या मासिकांच्या मुखपृष्ठांच्या प्रती मी काढल्या. त्यांत शि. द. फडणीस यांचे ‘मोहिनी’चे एक प्रसिद्ध मुखपृष्ठ होते. एका तरुणाच्या सदऱ्यावर मांजरांची नक्षी आहे आणि शेजारी उभ्या असलेल्या तरुणीच्या साडीवर उंदरांची. चित्राखाली एक अक्षरही नाही. क्षणभर वर्ग गप्प राहिला, मग मागच्या बाकावरून हसू फुटले आणि पाहता पाहता ते पुढच्या बाकापर्यंत पोहोचले. मला काहीच समजावून सांगावे लागले नाही. हसणे ओसरल्यावर खिडकीजवळ बसलेला, वहीच्या शेवटच्या पानावर सतत काहीतरी गिरवीत असलेला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, असली चित्रां काडल्यार पयशे गावतत?”

वर्ग पुन्हा हसला. मलाही हसू आले. “अरे, आधी नीट शिक, मग पैशांचे बघू,” असे काहीतरी शिक्षकी उत्तर देऊन मी त्याला खाली बसवले. घरी परतताना मात्र मला त्या उत्तराची लाज वाटू लागली. मुलाचा प्रश्न रास्त होता. कवीला कविता कशी सुचते, हे आम्ही प्राध्यापक तासन्‌तास सांगतो; पण ज्याच्या चित्राने आपण हसतो तो माणूस सकाळी उठून कोणते काम करतो, त्याचे घर कसे चालते, हे कधी सांगत नाही. त्या मुलाला जे उत्तर द्यायला हवे होते, ते आज आपल्यापुढे मांडतो आहे.

पहिली गोष्ट अशी, की व्यंगचित्र हे कष्टाचे काम आहे. पूर्वीची छपाई ठशांची. चित्रकार पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने, छापायच्या आकारापेक्षा मोठे चित्र काढी. त्याचे छायाचित्र घेऊन जस्ताच्या पत्र्यावर ठसा कोरला जाई. आकार लहान झाला की बारीक रेषा तुटत, जवळजवळच्या रेषा एकमेकींत मिसळून काळा डाग होई. म्हणून कोणती रेषा ठसा सोसेल आणि कोणती मरेल, याचा हिशेब चित्रकाराला कागदावर टाक टेकण्यापूर्वीच करावा लागे. चार रेषांत माणूस उभा करणारा कलावंत आधी चाळीस रेषा काढून त्यांतल्या छत्तीस गाळीत असतो. आपल्याला दिसतात त्या उरलेल्या चार. म्हणून आपल्याला ते सोपे वाटते. आजचा चित्रकार संगणकाच्या पडद्यावर रेषा काढतो, पण ही गाळणी त्यालाही चुकलेली नाही.

आता या कष्टावर पोट कसे भरते ते पाहू. त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. दीनानाथ दलाल यांचा जन्म 1916 साली मडगावचा, शि. द. फडणीस यांचा 1925 साली बेळगाव जिल्ह्यातील भोज या गावचा. आणि मारिओ मिरांडा यांचा 1926 साली दमणचा, पण घर लोटलीचे. दहा वर्षांच्या अवधीत, आपल्या आसपासच्या मातीशी नाते असलेले तीन चित्रकार जन्माला आले. तिघांच्या भाषा आणि तिघांचे समाज वेगळे, तरी तिघांनाही पोटासाठी मुंबईची वाट धरावी लागली.

ती का, हे गोमंतकीयांना सांगायला नको. कलाशिक्षण, छापखाने, ठसे करणारे कारागीर, मासिके आणि जाहिरातींचा व्यवसाय हे सारे मुंबईत एकवटले होते. इकडे पोर्तुगालमध्ये 1926 साली लष्करी सत्तांतर झाले आणि पाठोपाठ सालाझारची राजवट आली. तिच्या काळात गोव्यात छापायचा मजकूर आधी तपासनिसाच्या डोळ्यांखालून जात असे. जिथे शब्दांचा हा हाल, तिथे सत्तेकडे पाहून हसणाऱ्या रेषेने घर कुठे करावे?

दलाल मुंबईला गेले, चित्रकला शिकले आणि जाहिरात-व्यवसायातील नोकरीने त्यांनी सुरुवात केली. पुढे ‘दलाल आर्ट स्टुडिओ’ काढला आणि 1945 साली स्वतःचा ‘दीपावली’ वार्षिक सुरू केला. दलालांना आपण मुखपृष्ठकार आणि रंगचित्रकार म्हणून ओळखतो. त्यांच्या शृंगारनायिका अनेकांच्या स्मरणात असतील. पण ते हास्यचित्रे आणि व्यंगचित्रेही काढीत. मला आज त्यांच्या कुंचल्याइतकेच त्यांच्या धाडसाविषयी बोलायचे आहे. चित्रकार सामान्यतः संपादकाच्या दारात उभा असतो. संपादक सांगेल तो आकार, देईल ते मानधन, ठरवील ती मुदत. दलालांनी हे नाते उलटे केले. चित्रकार स्वतःच प्रकाशक झाला आणि नामवंत लेखक त्याच्या अंकात लिहू लागले.

हे बोलायला सोपे आहे. दिवाळी अंक म्हणजे वर्षभराचा जुगार. जाहिराती पावसाळ्यापासून गोळा करायच्या, कागद उधारीवर आणायचा, लेखकांमागे तगादा लावायचा, ठसे वेळेवर करून घ्यायचे, विक्रेत्याचे कमिशन सोसायचे आणि न खपलेले अंक पाठीवर परत घ्यायचे. अंक चार दिवस उशिरा निघाला, तर दिवाळी कोणासाठी थांबत नाही. आपल्या शेजारच्या मुलखाशी या परंपरेचे जुने नाते आहे. 1909 साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ज्यांनी मराठीत ही प्रथा पाडली, ते काशिनाथ रघुनाथ मित्र मूळचे आजगावकर, आणि आजगाव म्हणजे तेरेखोलच्या पलीकडचे आपले शेजारगाव. दलाल 1971 च्या जानेवारीत निवर्तले. वयाची पंचावन्न वर्षेही त्यांना लाभली नाहीत. पण त्यांनी लावलेले ‘दीपावली’चे रोप त्यांच्यामागेही वाढत राहिले.

चित्रकाराने स्वतःचे व्यासपीठ उभारल्याची ही एकच कथा नव्हे. दिल्लीत शंकर यांनी 1948 साली ‘शंकर्स वीकली’ काढले. मुंबईत बाळ ठाकरे यांनी वृत्तपत्राची नोकरी सोडून 1960 साली बंधू श्रीकांत यांच्यासह ‘मार्मिक’ काढले. आणि अगदी छोट्या प्रमाणावर पाहायचे तर पुण्यात मंगेश तेंडुलकर वाहतुकीच्या नियमांवरील व्यंगचित्रांची शुभेच्छापत्रे घेऊन दिवाळीच्या सुमारास भर चौकात उभे राहत आणि सिग्नलला थांबलेल्या वाहनचालकांच्या हाती ती देत. त्यांचे 2017 साली निधन झाले. चौक हेच त्यांचे नियतकालिक आणि तांबडा दिवा हीच त्यांची वाचनाची वेळ.

फडणीसांची वाट निराळी. त्यांना अनंत अंतरकरांसारखे जाणते संपादक भेटले. ‘हंस’, ‘मोहिनी’ आणि ‘नवल’ या मासिकांमधून त्यांची चित्रे घरोघर गेली. मुखपृष्ठावर सुंदर स्त्रीचे चित्र हवे, हा त्या काळचा संकेत. तिथे निखळ हास्यचित्र छापणे हे संपादकाचेही धैर्य होते. फडणिसांनी आपल्या चित्रातून शब्द हद्दपार केला. शब्द गेल्यामुळे भाषेची सीमाही गेली. सीमाभागात जन्मलेल्या माणसाने सीमा पुसण्याची ही रीत शोधावी, यात मला एक वेगळाच अर्थ दिसतो.

पण मासिकाच्या मुखपृष्ठांवर घर चालत नाही. म्हणून त्यांच्या कामाचे किती धागे होते ते पाहा. पुस्तकांतली चित्रे, पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’तील फडणिसांची रेखाटने आपल्यापैकी अनेकांना लेखनाइतकीच पाठ असतील. ‘हसरी गॅलरी’ हे प्रदर्शन घेऊन ते गावोगाव हिंडले. ‘चित्रहास’ या कार्यक्रमात रंगमंचावरून, प्रेक्षकांसमक्ष, हास्यचित्र कसे घडते ते उलगडून दाखवले. आणि मला सर्वांत मोलाचे वाटते ते काम म्हणजे ‘बालभारती’च्या गणिताच्या पुस्तकांतली त्यांची चित्रे. गणिताच्या भीतीने डोळे मिटून घेणाऱ्या मुलाला त्या चित्रांनी डोळे उघडायला लावले. मोठ्यांच्या मासिकात जेवढ्या निष्ठेने काढायचे, तेवढ्याच निष्ठेने बेरीज-वजाबाकीच्या पानावर काढायचे, ही त्या कलावंताची नीती होती. आपल्या साऱ्या वाटचालीचा आलेख त्यांनी ‘रेषाटन’ या आत्मकथनात दिला आहे. तो वाचनालयाच्या प्रत्येक सभासदाने वाचावा, अशी माझी विनंती आहे.

तिसरी एक वाट आहे, नोकरी सांभाळून रेषा सांभाळण्याची. वसंत सरवटे स्थापत्य अभियंते होते. सिमेंट कंपनीतली नोकरी आणि उरलेल्या वेळात व्यंगचित्रे, असा त्यांचा दुहेरी संसार. ‘ललित’ मासिकात आरवलीचे जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने साहित्यिकांना चिमटे काढीत आणि सरवटे त्या चिमट्यांना चेहरे देत. ठणठणपाळाची ती मूर्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना लेखकाचा घणाचा घाव आणि चित्रकाराची रेषा वेगळी करता येणार नाही.

आता मारिओ. लहानपणी हा मुलगा घराच्या भिंती रंगवून ठेवी, म्हणून आईने त्याला वही आणून दिली. त्या वहीतून त्याची चित्रमय रोजनिशी जन्माला आली. रोजचा दिवस, भेटलेली माणसे, लग्ने, मयते, पाद्रींची लगबग, सारे काही त्यात उतरले. या रोजनिश्यांपैकी 1949, 1950 आणि 1951 या वर्षांच्या पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाल्या. पुढे जाहिरात-संस्थेत नोकरी, मग इंग्रजी साप्ताहिके आणि वृत्तपत्रे, पोर्तुगालमधील शिष्यवृत्ती, लंडनमधील काही वर्षे आणि पुन्हा मुंबई असा त्यांचा प्रवास झाला. मिस निंबूपानी आणि मिस फोन्सेका ही त्यांची मानसकन्यारत्ने. ‘बालभारती’च्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांतही त्यांची चित्रे होती. म्हणजे पाहा, मराठी मुलाला गणित फडणिसांनी हसवत शिकवले आणि इंग्रजी मारिओंनी. शाळेत न बोलावता गेलेले हे दोन पाहुणे! उत्तरायुष्यात मारिओ लोटलीच्या आपल्या वाड्यात परतले आणि 11 डिसेंबर 2011 रोजी तिथेच त्यांनी अखेरचा श्वास घेतला. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

आज जगाला ‘गोवा’ म्हटले की मारिओंचा गोवा दिसतो. बल्कांव, चर्चचा चौक, पावावाला, तावेर्न, ब्रास बँड आणि त्या गर्दीत कुठेतरी हमखास एक कुत्रा. ते चित्र खरे आहे आणि प्रेमाने काढलेले आहे. मारिओंनी जे पाहिले, जगले, ते काढले. याहून कलावंताने अधिक काय करावे? पण पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादीतले महाल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पोर्तुगीज अमलाखाली आले. आपल्याकडे देवळापुढच्या मांडावर दशावतार रंगतो, शिगम्याचे रोमट निघते, भजनी सप्ताह होतो. मारिओंनी आपला महाल काढला नाही, ही तक्रार त्यांच्याकडे नेता येणार नाही. ती आपल्याला आपल्याचकडे करावी लागेल.

कारण अतिशयोक्तीने सत्य सांगण्याची कला आपल्याला परकी नाही. दशावतारातला संकासुर आठवा. काळा वेष, लोंबती तांबडी जीभ, आणि गावातल्या प्रतिष्ठितांची नावे न घेता त्यांना घेतलेले चिमटे! हे चालते-बोलते व्यंगचित्रच नव्हे काय? आपल्या भागातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर तांबड्या मातीची कावी चित्रे आहेत. रेषा खरवडून तांबड्यातून पांढरे काढण्याचे ते कसब आहे. हसण्याची दृष्टी होती आणि रेषेचा हातही होता. दोघांची गाठ मात्र कागदावर पडायला हवी तेवढी पडली नाही.

विषयांची वाण तर मुळीच नव्हती. डिचोलीच्या रस्त्यावरून खनिजाच्या ट्रकांची रांग जात होती, तेव्हा आपली घरे, झाडे आणि वाळत घातलेले कपडे तांबडे झाले. 2012 साली खाणी थांबल्या. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. ट्रक दारात उभे राहिले आणि धूळ बसली, तशी अनेक घरांतली चूलही थंडावली. धुळीने खोकणारा आणि धूळ थांबल्यावर काळजीने खंगणारा माणूस एकच होता. यापेक्षा तीक्ष्ण व्यंगचित्राचा विषय कोणता? पेडण्यात मोपाच्या पठारावर विमानतळ झाला. डिसेंबर 2022 मध्ये त्याचे उद्घाटन झाले. ज्या पठारावर गुरे चरत, त्यावरून आता विमाने उडतात आणि पठाराखालचा माणूस मान वर करून पाहतो. ती वर केलेली मान कोणीतरी काढायला हवी. अग्रलेख विसरले जातात. चेहऱ्यावरची ती एक रेषा राहते.

आता मला एक कबुली द्यायची आहे. तरुणपणी मी एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर होतो. जागेची टंचाई होती. एका उन्हाळ्यात, पाऊस सुरू होण्याआधी कपाटे मोकळी करावीत असे ठरले. ग्रंथ ठेवायचे आणि ‘किरकोळ’ काढायचे. किरकोळमध्ये जुने दिवाळी अंक आले. कित्येकांची मुखपृष्ठे सुटलेली, वाळवीने कडा खाल्लेल्या. ते वजनावर रद्दीत गेले. निर्णयाच्या कागदावर इतरांबरोबर माझीही सही होती. मी एम.ए. मराठी झालेला, समीक्षेचे ग्रंथ वाचलेला. मला त्यात काही गैर वाटले नाही. आज या व्याख्यानाच्या निमित्ताने मी जुने ‘दीपावली’ आणि ‘मोहिनी’ शोधीत निघालो, तेव्हा दारोदार फिरलो. एका घरी माळ्यावर दोन अंक मिळाले, तेही आत चित्र नसलेले. मुलांनी कापून वहीत चिकटवले होते. त्या मुलांवर मला राग आला नाही. त्यांनी निदान चित्रे जपली होती. मी तीही जपली नव्हती.

आपली दाखलनोंदवही उघडून पाहा. तिच्यात लेखकाचे नाव, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, किंमत असे रकाने असतात. चित्रकाराचा रकाना नसतो. ज्याचे नाव नोंदवहीत नाही, तो रद्दीत जाताना कोणाला दिसणार?

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने तीन छोट्या सूचना करतो. पहिली, वाचनालयात येणाऱ्या प्रत्येक सचित्र पुस्तकाच्या आणि दिवाळी अंकाच्या नोंदीत चित्रकाराचे नाव लिहावे. त्याला खर्च शाईचा तेवढाच. दुसरी, सभासदांच्या माळ्यावर, ट्रंकांत जे जुने अंक असतील ते मागून घ्यावेत आणि एक कपाट त्यांच्यासाठी राखावे. फाटका अंकही नाकारू नये. तिसरी सूचना मुलांसाठी. आपल्या शाळांत हस्तलिखितांची परंपरा आहे. ते हस्तलिखित यापुढे केवळ निबंध-कवितांचे नसावे. दोन्ही तालुक्यांतील मुलांची चित्रकथा आणि व्यंगचित्रे घेऊन वाचनालयाने वर्षातून एक अंक काढावा. सोळा पाने, काळी शाई, छायाप्रती काढून मधोमध टाचणी मारली की अंक तयार. किंमत ठेवावी, मग ती पाच रुपये का असेना, आणि विक्रीचा हिशेब मुलांनीच ठेवावा. आपल्या रेषेचे कोणीतरी मोल देते, हा अनुभव त्यांना लवकर यावा. दलालांच्या ‘दीपावली’चा आणि या सोळा पानांचा वंश एकच आहे.

आणि त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर? त्या दिवशी द्यायला हवे होते ते असे: बाळा, पैसे मिळतात. एकाच ठिकाणाहून पुरेसे मिळत नाहीत. थोडे मासिकातून, थोडे पाठ्यपुस्तकातून, थोडे प्रदर्शनातून, थोडे स्वतः छापून विकल्यावर. कधी नोकरी करून रात्री काढावे लागते. गाव सोडावे लागले तर त्याचे दुःख होते, आणि गावाला त्याची आठवण राहील याची हमी नसते. गाव सोडावे न लागणे आणि आठवण राहणे, या दोन गोष्टी मात्र तुझ्या हातात नाहीत. त्या आम्हा वाचकांच्या हातात आहेत.

तो मुलगा आता मोठा झाला असेल. तो चित्रे काढतो की नाही, हे मला ठाऊक नाही. त्याचे नावही मी विचारले नव्हते. पण पुढच्या वेळी असा एखादा मुलगा या दारातून आत आला, वही उघडून उभा राहिला, तर आपल्या वाचनालयाने त्याचे नाव विचारावे आणि ते नोंदवहीत लिहून घ्यावे, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.